उजवा कौल

बारावी कॉमर्सच्या पोरांना मी अर्थशास्त्र शिकवते. मुलुंडच्या एका कॉलेजात, सोळा वर्षं झाली. त्यात एक टॉपिक आहे, परदेशी गेलेल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशाचा. पोरं तो ऑप्शनला टाकतात, कारण चारच मार्कांचा असतो. पैसा येतो, घराचं उत्पन्न वाढतं, दारिद्र्य कमी होतं, मुलं शिकतात, घरं पक्की होतात, बाजारात मागणी वाढते, देशाच्या गंगाजळीत भर पडते. सगळं खरं आहे. मी खोटं शिकवत नाही. फक्त हा भाग मी फळ्याकडे तोंड करून शिकवते, एवढंच.

कारण त्या चार मार्कांतलं प्रत्येक वाक्य आमच्या घरात घडलेलं आहे. मी स्वतः त्यातल्या ‘मुलं शिकतात’ या वाक्यात बसते.

आमच्यात घरी पैसा पाठवणारा पहिला माणूस म्हणजे बाबा. कुडाळच्या पुढच्या एका खेड्यातून सतराव्या वर्षी ते मुंबईला आले, गिरणीत लागले आणि दर महिन्याला गावाला मनिऑर्डर करू लागले. त्या मनिऑर्डरवर दोन भाऊ आणि आईवडील जगले, एका बहिणीचं लग्न झालं. गिरणी बंद पडली तेव्हा बाबांना गावी जाऊन नांगर धरायचा होता, पण ते गेले नाहीत. का गेले नाहीत हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. घाटकोपरच्या डोंगरावर दहा बाय बाराची खोली घेऊन त्यांनी विक्रोळीच्या एका कंपनीत वॉचमनची नोकरी धरली. मी आणि माझा भाऊ त्या खोलीत वाढलो. तो माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा.

अभ्यासात मी बरी आणि तो यथातथाच, असं घरात ठरून गेलं होतं. एकदा ठरलं की मग तसंच होतं. मी कॉलेजात गेले, तो आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकला. तेविसाव्या वर्षी अंधेरीच्या एका एजंटानं त्याला गल्फचा व्हिसा काढून दिला. त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या. पुढच्याच वर्षी आईही गेली, साध्या काविळीनं, आणि त्याला येता आलं नाही. कागदावर तो वेल्डर होता. तिथं उतरल्यावर पहिली दोन वर्षं त्याला हेल्पर म्हणून लोखंड उचलायला लावलं, पगारही हेल्परचाच. मराठीत याला फसवणूक म्हणतात. एजंट म्हणाला, ‘ॲडजस्टमेंट करावी लागते हो सुरुवातीला.’

तरी पैसा येत राहिला, हे मान्य करायला हवं. माझं एम.ए. झालं, बी.एड. झालं. खोलीत लादी आली, मग पोटमाळा आला. बाबांनी नोकरी सोडली. त्यांचं वय तेव्हा काही फार नव्हतं, पण मुलगा गल्फला असताना बापानं लोकांच्या गाड्यांना सलाम ठोकायचा हे त्यांना पटेना. गावी गणपतीला गेले की पूर्वी ते मागच्या ओळीत बसायचे, आता लोक त्यांना पुढे बोलावू लागले. भावाचं लग्न झालं. त्याची बायको कांजूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची, तेही बंद झालं. मी कमावत होते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य, आणि जून उजाडला की पुन्हा दारात उभं राहायचं. एका माणसाच्या पगारावर चार माणसं हळूहळू निवांत झाली. हे पुस्तकात नाही. तिथं पैसा येतो तो कुठून येतो एवढं दिलंय, कुणाच्या अंगातून येतो ते दिलेलं नाही.

दर दोन वर्षांनी तो चाळीस दिवसांसाठी यायचा. सुतळीनं आवळलेलं खोकं, त्यात ब्लँकेटं, दुधाची पावडर, अत्तर, चॉकलेटचे डबे. खोकं उघडायला शेजारपाजारचे जमायचे. त्याची मुलगी त्याला अहोजाहो करायची. तिला तसं कुणी शिकवलं नव्हतं. पाहुण्यांशी तसं बोलायचं असतं एवढं तिला कळत होतं, म्हणून ती बोलायची. त्याला ते लागायचं. मग तो हसून म्हणायचा, ‘काय मॅडम, ओळख आहे ना?’

त्याला तिथं तेरावं वर्ष लागलं तेव्हाची गोष्ट. एका शुक्रवारी, म्हणजे त्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्यानं बायकोशी बोलून झाल्यावर फोन मला द्यायला सांगितलं.

‘ताई, जरा बाहेर जाऊन बोल.’

मी गल्लीत आले.

‘पाय सुजतायत गं. सकाळी बूट चढत नाही. वाट लागलीय यार. कंपनीचा डॉक्टर गोळ्या देतो आणि म्हणतो, पाणी जास्त पी. वर टाकीवर चढलो की पाणी आणणार कोण? आणि पिऊन जायचं कुठे? खाली उतरलं की सुपरवायझर वेळ लिहितो.’

‘मग चांगल्या डॉक्टरला दाखव ना.’

‘दाखवीन. ते सोड. मी परत येऊ का? कायमचा?’

मी गप्प झाले. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्याला उत्तर तिथंच मिळालं असणार. पण तो समजूतदार, त्यानं मला अडचणीतून सोडवलं.

‘तू नको सांगू. बाबांना पण नको विचारू, ते नाहीच म्हणतील. मे महिन्यात गावी जाताय ना? माझ्या नावानं कौल लावा. देव काय म्हणतो बघू. देव म्हणेल ते फायनल.’

आमच्या बाजूला अजून हे आहे. लग्न असो, जमिनीचा वाद असो, परगावी जायचं असो, ग्रामदेवाला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. गुरव, म्हणजे देवळाचा पुजारी, पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. देवाच्या उजव्या हाताची कळी आधी पडली तर हो, डाव्या हाताची पडली तर नाही. मी अर्थशास्त्राची एम.ए., माझा यावर विश्वास आहे का? कॉलेजात विचारलंत तर नाही. पण कौलाची एक मोठी सोय आहे. त्यात घरातल्या कुणाला वाईट व्हावं लागत नाही. बापानं मुलाला ‘येऊ नकोस’ म्हणायचं नसतं, बायकोनं ‘या’ म्हणून हट्ट धरायचा नसतो. जे काय ते देव बोलतो. फक्त कौल देवाचा असला तरी निरोप नेणारा माणूस असतो, हे आमच्या लोकांनी कधी लक्षात घेतलेलं नाही.

तेव्हा आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं. नाहूरला वन बीएचके बुक केला होता. इमारत अजून अर्धी उभी होती. कर्ज भावाच्या पगारावर मिळालेलं, माझ्या तासांवर बँकेनं मला बसायला खुर्चीसुद्धा दिली नसती. तो परत आला असता तर हप्ते थांबले असते आणि घर हातचं गेलं असतं. त्याच्या मुलीला चांगल्या शाळेत घातलं होतं. माझी कायम होण्याची फाईल कुठल्याशा टेबलावर पडून होती. सगळं मधल्यामध्ये लटकलेलं.

मे महिन्यात बाबा आणि मी गावी गेलो. भावजय मुलीच्या शाळेच्या कामासाठी मागे राहिली. निघताना ती मला म्हणाली, ‘ताई, नीट विचारा हां.’ एवढंच.

देवळात आम्ही दोघं आणि गुरव. सत्तरीचा, काटकुळा माणूस, उघडाबंब, कमरेला पंचा. त्यानं पाषाण पुसला, कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचो झील परमुलकात आसा. तेची तब्येत बरी नाय. तेणा घराक येवचा काय नाय, ता तू सांग म्हाराजा.’ बाबा हात जोडून म्हणाले, ‘होय म्हाराजा.’

कौलाला कधी कधी तास तास लागतो. माणसं खांबाला टेकून बसतात, विडी ओढून येतात. त्या दिवशी गुरवानं अजून हात पुसले नव्हते, तोवर उजवी कळी पडली. टप्पकन पडली, घरंगळत त्याच्या पायापाशी आली. मी लहानपणापासून कौल पाहत आले, इतक्या चटकन पडलेला पाहिला नव्हता.

गुरव खूश झाला. ‘येवंदेत तेका,’ तो म्हणाला. ‘देव बोलवता.’

‘होय म्हाराजा,’ बाबा सवयीनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईला यायला निघालो. कुडाळ स्टेशनावर गाडी लेट होती. गावात रेंज नव्हती, तिथं आली, आणि माझ्या फोनवर भावाचे तीन मेसेज एकदम उतरले. काय झालं? पडला का? ताई, बोल ना.

बाबा बाकावर बसून समोरच्या रुळांकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, ‘सांग तेका, डावो पडलो म्हणान.’

‘बाबा, देवाचं आहे हे.’

‘देवाक हप्तो भरूचो नाय.’

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, ‘माज्या येळाक पण डावोच पडलेलो.’

गिरणी बंद पडली तेव्हाचं ते बोलत होते. गावी यावं का म्हणून त्यांनीही कौल मागितला असणार आणि तो त्यांच्या वडिलांनी पत्रातून कळवला असणार. तेव्हा तो खरंच डावा पडला होता का, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. नंतर सुचलं, आणि बाबांनाही ते कधीतरी सुचलं असेल, हेही. पण हे सगळं नंतरचं.

बाबांनी सांगितलं हे खरं, पण बटण मी दाबलं. फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, ‘डावा पडला रे. देव म्हणतो, आत्ता नको. एक वर्ष काढ, मग बघू.’ एक वर्ष हे माझ्या पदरचं. खोट्याला थोडी माया लावली की ते सोपं जातं. माझा आवाज अजिबात कापला नाही. वर्गात शिकवून शिकवून गळा तयार झालेला असतो.

त्याचं उत्तर लगेच आलं. ‘ओके ताई. देवाची मर्जी.’

घरी पोचलो तेव्हा भावजय कोलंबी सोलत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, ‘डावा.’ ‘बरं,’ ती म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली. संध्याकाळी मी कपाट उघडलं तर मधला एक कप्पा पूर्ण रिकामा होता, त्यात स्वच्छ वर्तमानपत्र अंथरलेलं. आम्ही गावी असताना तिनं त्याच्यासाठी जागा केली होती. दुसऱ्या दिवशी त्या कप्प्यात मुलीचे फ्रॉक परत आले.

आता जे सांगणार आहे ते मला सांगायचं नव्हतं. त्याच वर्षी जुलैत माझी कायम झाल्याची ऑर्डर निघाली. पूर्ण पगार, उन्हाळ्यासकट. त्या दिवशी मी त्याला फोन करून सांगू शकले असते की, बाबा रे, ये आता, हप्त्याचं मी बघते. देवाला पुन्हा विचारलं म्हणून थाप मारली असती तरी चाललं असतं, एक मारलीच होती. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. त्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, ‘झकास! ताई प्रोफेसर झाली.’ आणि मी त्याला ये म्हणाले नाही. कारण तोवर घराला किचनची फरशी निवडायची होती, मग ट्रॉल्या, मग ग्रील. पैसा आला की गरजा भागतात असं मी मुलांना सांगते. गरजा भागत नाहीत. त्या पैशाच्या मागोमाग चालत येतात आणि घरात पाट मांडून बसतात. त्याचं ‘एक वर्ष’ संपलं तेव्हा कुणी आठवण काढली नाही. त्यानंही नाही.

दीड वर्षानं आम्ही नाहूरला राहायला गेलो. बेडरूमच्या कपाटांसाठी सुतार माप घ्यायला आला. त्यानं विचारलं, माणसं किती? मी म्हणाले, चार. सहज तोंडून गेलं. भावजय शेजारी उभी होती, तिनंही दुरुस्त केलं नाही. बाबा, मी, ती, मुलगी. चार माणसांची कपाटं झाली, उत्तम झाली. खाली गेटवर दरभंग्याचा वॉचमन असतो. आम्ही सोसायटीत भरतो त्यातून त्याचा पगार होतो आणि त्यातून त्याच्या गावी एक घर बांधलं जातंय. फोनवर त्यानं मला ते घर दाखवलं, विटांचं, अजून छप्पर नसलेलं. तो त्यात कधी राहणार, असं मी विचारलं तर हसला.

कौलाला दोन वर्षं पूर्ण व्हायला महिना उरला होता. भाऊ कामावर चक्कर येऊन पडला. कंपनीनं त्याला आठ दिवस दवाखान्यात ठेवला आणि मग विमानात बसवून दिला. मी आणि भावजय त्याला आणायला गेलो. व्हीलचेअरवरून तो बाहेर आला तेव्हा मी दुसऱ्याच माणसाकडे बघत उभी होते. चेहरा सुजलेला, हात काडीसारखे, मांडीवर एक खांद्याची पिशवी. घरी आल्यावर बाबांनी त्याला आधी पाणी दिलं. मग विचारलं, ‘सामान मागसून येता?’

‘नाही बाबा,’ तो म्हणाला. ‘एवढंच आहे.’

दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, वाईट नव्हता. रिपोर्ट चाळत म्हणाला, ‘उन्हात काम, पाणी कमी, बीपी वाढलेलं, कुणी बघितलंच नाही. दीडदोन वर्षं आधी आले असते ना, तर औषधांवर आपण बरंच धरून ठेवलं असतं.’

भावजय पटकन म्हणाली, ‘यायचंच होतं हो डॉक्टर त्यांना. देवानंच नको सांगितलं.’

मी फाईल धरून उभी होते. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेला.

मी माझी किडनी देते म्हणाले. हे मी मोठेपणानं म्हटलं नाही, मला ती अंगातून काढून फेकायची होती. तपासणीत मला साखर निघाली. चांगलीच वाढलेली, बरीच वर्षं असणार म्हणाले. इतकी वर्षं त्याच्या खोक्यातली चॉकलेटं खाल्ली, त्याचा हा प्रसाद. बाबांचं वय झालेलं. भावजयीचा रक्तगट जुळेना. त्याचं नाव यादीत घातलं आणि आम्ही वाट बघायला लागलो. तो हॉलमध्ये दिवाणावर झोपायचा. त्याचे कपडे त्याच पिशवीत, दिवाणाखाली. कपाटात कप्पा नव्हता.

मग एका रविवारी गुरव आला.

त्याचा मुलगा भांडुपला रिक्षा चालवतो, त्याच्याकडे तो मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला आला होता. गावचा पोर आजारी आहे हे कळलं तेव्हा मुलाला घेऊन भेटायला आला. हिरवा चष्मा, अंगात शर्ट. शर्टात तो मला वेगळाच कुणी वाटला. मुलगा खाली रिक्षापाशी थांबला. गुरव सोफ्याच्या कडेवर बसला, घराकडे बघून म्हणाला, ‘बरा बांधलास हां.’ बाबा खुर्चीत. भाऊ दिवाणावर उशीला टेकून. मी दाराशी. बाबांना तेव्हाच उठून जायचं होतं हे मला त्यांच्या पायांवरून कळत होतं. पण पाहुणा आलेला, जाणार कुठे.

गावच्या गप्पा झाल्या. भावजय चहा घेऊन आली. आणि कप उचलता उचलता गुरव भावाला म्हणाला, ‘पण काय रे झिला, देवान तुका उजवो कौल दिल्लो मा? तेवाच्या तेवा पडलो. मगे तू तेवा इलंस कित्याक नाय?’

भावजयीच्या हातातला ट्रे तसाच राहिला. भावानं बाबांकडे बघितलं. बाबा चपलांकडे बघत होते. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, हा क्षण कधीतरी आला तर मी पुढे होऊन बोलेन, सगळं सांगून टाकेन. कितीदा मनात म्हणूनही ठेवलं होतं. माझी जीभ उचलली नाही.

त्याला समजायला किती वेळ लागला ते मी पाहिलं. फार लागला नाही.

‘सुटी मिळूक नाय, काका,’ तो म्हणाला.

गुरव रागावला. ‘सुटी? देवाच्या कौलापरास मोठो तुजो सायब काय रे?’

‘होय काका,’ माझा भाऊ म्हणाला. ‘मोठोच होतो.’

गुरवानं मान हलवली, बशीत ओतून चहा संपवला. या पोरांना आता देवाचं काही राहिलेलं नाही असं काहीतरी म्हणाला. आपल्या मुलाचंही तेच म्हणाला, तो रिक्षा सोडून देवळात बसायला तयार नाही, आपल्यामागं कळ्या कोण लावणार. जाताना भावाच्या कपाळाला अंगारा लावला. मी त्याला लिफ्टपर्यंत सोडून आले. येऊन बघते तर बाबा गॅलरीत जाऊन उभे होते आणि स्वयंपाकघरात नळ चालू होता, बराच वेळ, नुसताच.

मला वाटलं भांडण होईल. झालं असतं तर बरं झालं असतं. भावजयीनं रात्री सगळ्यांना वाढलं, मलाही वाढलं, भात हवा का विचारलं. दुसऱ्या दिवशी सोमवार. डायलिसिसला नेहमी तीच जायची, मी एकदाही गेले नव्हते, मला कॉलेज असायचं. सकाळी ती माझा डबा भरताना म्हणाली, ‘ताई, आज तुम्ही जा त्यांच्याबरोबर.’ मी रजा टाकली.

चार तास असतात. एकेका खुर्चीत एकेक माणूस, हातातून नळ्या निघालेल्या, शेजारी मशीन गरगरतंय. एसी असा की बोटं आखडावीत. पन्नास डिग्रीच्या उन्हात लोखंड जोडलेला माझा भाऊ थंडीनं कुडकुडत होता. मी पिशवीतून ब्लँकेट काढलं. कुठल्यातरी वर्षी त्यानंच खोक्यातून आणलेलं होतं, वाघाच्या चित्राचं. ते मी त्याच्या पायांवर पसरलं आणि स्टूल ओढून बसले. पहिला तास गेला. मग मी म्हणाले, ‘ऐक ना, कौलाचं...’

‘ताई, थांब.’ त्यानं डोळे उघडले नाहीत. ‘तू सॉरी म्हणणार. मग मला माफ करावं लागणार. माफ करायला पण ताकद लागते गं. माझ्यात आज नाहीये.’

‘बरं,’ मी म्हणाले.

समोरच्या खुर्चीतल्या बाईंचं मशीन वाजायला लागलं, सिस्टर आली, तिनं काहीतरी दाबलं, ते थांबलं. तो झोपला असं मला वाटलं.

‘एक सांग,’ तो म्हणाला. ‘काका म्हणाले तेव्हाच्या तेव्हा पडला. म्हणजे किती पटकन?’

‘लगेच.’

‘लगेच म्हणजे? नीट सांग.’

मी त्याला नीट सांगितलं. गाऱ्हाणं संपलं, बाबा होय म्हाराजा म्हणाले, गुरव पंच्याला हात पुसायला वळला, अजून पुसलेही नव्हते आणि कळी पडली. आवाज आला. घरंगळत त्याच्या पायाशी आली. इतक्या चटकन पडलेला कौल मी जन्मात पाहिला नाही, हेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढायला मला खुणावलं, मी ओढलं.

‘म्हणजे कुणीतरी बोलावत होतं,’ तो म्हणाला.